गृहरचना आणि वाहनतळाची सक्ती : बुलढाणा जिल्ह्यातील नगरांच्या संदर्भात

इमारतीची उंची, सामासिक अंतरे आणि चटई क्षेत्र निर्देशांक यांविषयी नगररचनाशास्त्रात विपुल चर्चा झाली आहे. त्या मानाने, प्रत्येक निवासी इमारतीने आपल्या आवारात किमान किती वाहनांची सोय केली पाहिजे, हा नियम बराच दुर्लक्षित राहिला. वरवर पाहता हा नियम निरुपद्रवी वाटतो. परंतु घराची किंमत, भूखंडाचा उपयोग आणि रस्त्याचे स्वरूप या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

महाराष्ट्रात या नियमाचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. पूर्वी निरनिराळ्या नगरांचे नियम निरनिराळे होते. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बृहन्मुंबई आणि काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता ती सर्व राज्यास लागू झाली. बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. तथापि खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर यांसारख्या नगरपरिषदाही याच नियमावलीच्या कक्षेत आल्या. सदनिकेचे क्षेत्र जितके मोठे, तितकी वाहनतळाची अपेक्षा अधिक, हे तिचे सूत्र होय. लहान नगरांसाठी गुणक कमी ठेवून तिने स्थानिक परिस्थितीची काही प्रमाणात दखल घेतली आहे. तरीही मूळ तत्त्व कायम राहते: वाहनांची संख्या रहिवासी ठरवीत नाहीत, ती बांधकाम परवान्याच्या वेळीच ठरते.

या तत्त्वाचा भार किती, हे साध्या गणिताने कळते. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. मोटार आत नेण्या-आणण्यासाठी सहा मीटर रुंदीची मार्गिका धरली आणि तिच्या दोन्ही बाजूंस मोटारी उभ्या केल्या, तर प्रत्येक मोटारीच्या वाट्यास मार्गिकेचे आणखी ७.५ चौरस मीटर येतात. एकूण २० चौरस मीटर. भूखंड अरुंद असल्यास मोटारींची एकच रांग बसते आणि हेच क्षेत्र २७.५ चौरस मीटर होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात दुर्बल घटकांच्या घरासाठी ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा होती. म्हणजे अरुंद भूखंडावर एक मोटार जवळजवळ एका लहान कुटुंबाच्या घराइतकी जागा घेते. जुन्या बाजारपेठांतील चिंचोळ्या भूखंडांवर पुनर्बांधणी करू इच्छिणाऱ्यास हा नियम मोठ्या भूखंडधारकापेक्षा अधिक जाचक ठरतो, तो यामुळेच.

खांबांवरील वाहनतळ चटई क्षेत्र निर्देशांकात मोजला जात नाही, म्हणून तो फुकट आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. खांब, वाढलेली उंची आणि गमावलेला तळमजला यांचा खर्च कोणीतरी सोसतोच. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम, १९६३ अन्वये खांबांवरील वाहनतळ स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. ग्राहकाच्या दृष्टीने तो हितावह होता. मात्र वेगळी न आकारलेली किंमत नाहीशी होत नाही. ती सदनिकेच्या किमतीत मिसळते आणि मोटार नसलेल्या कुटुंबावरही पडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती, तर २१ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती. त्यानंतर हे प्रमाण वाढले असले, तरी मोटार नसलेली कुटुंबेच बहुसंख्य आहेत.

अन्य देशांचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. अमेरिकेतील कोलंबस नगराने १९२३ मध्येच निवासी इमारतींवर अशी सक्ती घातली आणि पुढे ती प्रथा जगभर पसरली. डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात तिच्या छुप्या खर्चाची सविस्तर चिकित्सा केली. मेक्सिको नगराने २०१७ मध्ये किमान संख्येची अट काढून कमाल मर्यादा घातली. जपानने भार निराळ्या ठिकाणी ठेवला: १९६२ च्या कायद्याने मोटार ठेवण्यास जागा असल्याचे दाखविणे हे मोटारमालकाचे कर्तव्य ठरले. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी याच धर्तीचा विचार मांडला होता.

सुधारणेवरील मुख्य आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. सक्ती उठविली तर वाहने रस्त्यावर उभी राहतील, असे म्हटले जाते. परंतु रस्त्यावर वाहन ठेवणे विनामूल्य व अनियंत्रित असेल, तर आवारात जागा असूनही वाहने रस्त्यावरच राहतात. म्हणून सक्ती शिथिल करणे आणि रस्त्याच्या कडेचे नियमन करणे ही दोन्ही कामे एकत्रच झाली पाहिजेत. पहिले केले आणि दुसरे टाळले, तर आक्षेप खरा ठरेल.

जिल्ह्यातील नगरांची गरजही एकसारखी नाही. मलकापूर, नांदुरा व शेगाव ही मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत. खामगावास जलंबहून फाटा गेला आहे. बुलढाणा, चिखली व मेहकर यांची वाहतूक रस्त्यांवरच अवलंबून आहे. शेगावी श्रीगजानन महाराजांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंच्या वाहनांचा प्रश्न सार्वजनिक वाहनतळाचा आहे. तेथील रहिवाशांच्या इमारतींवर अट लादून तो सुटणार नाही.

सबब, सुधारणेचा क्रम असा असावा: लहान सदनिका व जुन्या वस्तीतील अरुंद भूखंड यांना मोटारींच्या सक्तीतून प्रथम मुक्त करावे, दुचाकी व सायकलींची सोय राखावी, आणि गजबजलेल्या रस्त्यांवर नगरपरिषदेने शुल्क व वेळेची मर्यादा लागू करावी. मोटारीस जागा हवी, हे खरे. पण त्या जागेचा खर्च ज्याची मोटार त्यानेच उचलावा की मोटार नसलेल्या शेजाऱ्यानेही, हा नियमाच्या मुळाशी असलेला प्रश्न न्यायाचा आहे.