झाडांना बांधावयाची झोळी : ताण, साल आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या अभ्यास-सहली, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे व गिरिभ्रमण यांमध्ये दोन झाडांच्या खोडांना बांधावयाची कापडी झोळी, म्हणजेच 'हॅमॉक', आता वारंवार दिसते. ही वस्तू मूळची अमेरिका खंडातील आहे. १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोहोचला, तेव्हा तेथील रहिवासी सुती जाळीत निजत असल्याचे त्याच्या लोकांनी पाहिले आणि 'हामाका' हा तेथील शब्द पुढे युरोपीय भाषांत रुळला.

आपल्याकडेही झोळी अपरिचित नाही. शेताच्या बांधावरील झाडाच्या फांदीला लुगडे बांधून तान्ह्या मुलाला निजविण्याची रीत जुनीच आहे. परंतु या दोन झोळ्यांत मूलभूत फरक आहे. मुलाच्या झोळीची दोन्ही टोके एकाच फांदीला असतात, कापड जवळजवळ सरळ खाली येते व प्रत्येक टोकावर साधारणतः निम्मेच वजन येते. हॅमॉकची टोके दोन खोडांकडे तिरपी जातात आणि त्या तिरपेपणावर ताण अवलंबून असतो.

एका शिबिरात प्रस्तुत लेखकासमवेतच्या विद्यार्थ्यांनी नायलॉनची बारीक दोरी तारेसारखी ताठ ओढून झोळी बांधली. एक विद्यार्थी तीत बसताच लोखंडी आकडा सरळ झाला आणि तो पाठीवर पडला. सुदैवाने इजा किरकोळ होती. मात्र दोरी सोडल्यावर जांभळाच्या सालीत रुतलेली खोल खाच दिसली. माणूस पडणे व झाड दुखावणे, या दोहोंचे मूळ एकच होते : 'ताठ म्हणजे पक्के' ही समजूत. ती चुकीची कशी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ताणाचे गणित :
पट्टा क्षितिजसमांतर रेषेशी जो कोन करतो, त्यावरून प्रत्येक बाजूचा ताण काढता येतो. वजनाला त्या कोनाच्या साइनच्या दुपटीने भागले की ताण मिळतो. ७० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती स्थिर बसली असता ३० अंशांच्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोग्रॅम भाराइतका ताण येतो. १५ अंशांत तो सुमारे १३५, १० अंशांत २०२, तर ५ अंशांत ४०२ किलोग्रॅम होतो. माणूस तोच, झाडे तीच. केवळ झोळी ताठ केल्याने ताण जवळजवळ सहापट झाला. भार एकाएकी पडल्यास हा ताण तत्त्वतः दुप्पट होऊ शकतो, म्हणून झोळीत धपकन बसणे धोक्याचे असते. ताण वाढला की खोडाला आडवे ओढणारे बलही वाढते आणि ते मुळांपर्यंत पोहोचते.

यास्तव सुमारे ३० अंशांचा कोन इष्ट मानला जातो. तो पाहण्यास कंपासपेटीतील ३०-६० अंशांचा गुण्या पुरेसा आहे. खोडांमधील अंतर ४ मीटर व बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर धरल्यास पट्टा खोडावर सुमारे १.६ मीटर उंचीवर येतो. अंतर ५ मीटर असल्यास ही उंची १.९ मीटर होते. शरीराचा भार एका बिंदूत नसून पसरलेला असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी उंचीही पुरते.

सालीवरील दाब :
सालीच्या आतील भागात पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या असतात आणि त्यांच्या लगतच कँबियम हा विभाजी ऊतीचा पातळ थर असतो. खोडाभोवती संपूर्ण वलयात ही ऊती नष्ट झाल्यास मुळांची उपासमार होते व कालांतराने झाड मरते. वाढीच्या हंगामात साल खोडापासून सहज सुटते. त्यामुळे त्या काळात अधिक जपावे लागते.

दाब हा ताणास खोडाची त्रिज्या व पट्ट्याची रुंदी यांच्या गुणाकाराने भागून मिळतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या खोडावर ७० किलोग्रॅम ताणाला ६ मिलिमीटरची दोरी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलोग्रॅम दाब देते. २.५ सेंटिमीटर रुंद पट्टा १.९, तर ५ सेंटिमीटर रुंद पट्टा ०.९ किलोग्रॅम दाब देतो. तीच दोरी १० अंशांत ताठ बांधल्यास दाब २२ किलोग्रॅमवर जातो. शिबिरातील जांभळावर खाच का पडली, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पट्टा व कड्या :
पट्टा किमान २.५ सेंटिमीटर रुंद असावा. ५ सेंटिमीटर अधिक चांगला. मोटारीतील सुरक्षा पट्ट्यासारखा विणलेला पॉलिस्टरचा पट्टा योग्य, कारण नायलॉन ताणाखाली अधिक लांबते व ओले झाल्यास आणखी सैलावते. शिवण उसवलेला किंवा उन्हाने फिका व कडक झालेला पट्टा वापरू नये.

किल्ल्या अडकविण्याच्या शोभेच्या कड्या व उघडे आकडे वर्ज्य समजावेत. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर भारक्षमता किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोग्रॅम भार. युरोपीय मानक ईएन १२२७५ नुसार सर्वसाधारण कॅराबिनरने दार बंद असता लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन भार पेलला पाहिजे. दार उघडे असता ही अपेक्षा केवळ ७ किलोन्यूटन आहे. म्हणून दार पूर्ण मिटले आहे व भार लांबीच्या दिशेनेच येत आहे, हे पाहावे. धातूची कडी सालीवर टेकू देऊ नये.

झाडाची निवड व बांधणी :
छातीच्या उंचीवर खोडाचा घेर किमान ६३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २० सेंटिमीटर, असावा. शेवगा व पांगारा यांचे लाकूड मऊ असते, तर गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात. ही झाडे टाळावीत. नारळाच्या खोडात कँबियम नसल्यामुळे त्यावरील जखम भरून येत नाही, शिवाय वरून नारळ व झावळ्या पडण्याचे भय असते. बुंध्याशी अळंबी, वाळवी, पोकळी किंवा मुळांजवळ जमिनीला भेगा दिसल्यास ते झाड सोडावे. वर पाहून वाळलेली फांदी आणि आग्या मोहोळ नाही, याची खात्री करावी. वादळाची किंवा विजेची चिन्हे दिसताच झोळी उतरवावी.

पट्टा पीळ न पडता सपाट गुंडाळून त्याचे टोक त्याच्याच शिवलेल्या फासातून ओवावे. खिळा अथवा स्क्रू मुळीच ठोकू नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याच्या व्याख्येत झाड तोडणे यामध्ये झाडाला इजा करणेही समाविष्ट आहे. प्रथम हातांनी भार देऊन पाहावा, मग मध्यभागी सावकाश बसावे. एका झोळीत एकच व्यक्ती असावी, एकाखाली एक झोळ्या बांधू नयेत आणि झोके घेऊ नयेत. वापर संपताच पट्टा सोडावा. कायम राहिलेला पट्टा वाढत्या खोडाला आवळतो.

निष्कर्ष :
झोळीची सुरक्षितता तिच्या ताठपणात नसून योग्य ढिलाईत आहे. जो कोन माणसाला पडण्यापासून वाचवितो, तोच सालीवरील दाबही कमी ठेवतो. म्हणजे येथे विद्यार्थ्याचे हित व झाडाचे हित परस्परविरोधी नाहीत. शिबिरास निघताना प्रथमोपचार पेटीबरोबर दोन रुंद पट्टे व एक गुण्या घेतला आणि झोळी बांधण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून ताणाचे हे गणित करवून घेतले, तर भौतिकशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांचा एक पाठ झाडाखालीच पूर्ण होईल.