भट्टीत पिकणारा रंग

पावडर कोटिंग म्हणजे धातूवर कोरड्या भुकटीच्या रूपात फवारलेला आणि मग भट्टीत वितळवून पक्का केलेला रंग. नेहमीच्या ऑइल पेंटमध्ये रंगद्रव्य आणि रेझिन थिनरसारख्या द्रावकात कालवलेले असतात. रंग लावला की द्रावक उडून जातो आणि मागे पापुद्रा उरतो. पावडरमध्ये द्रावक नसतोच. तिला वितळवते ती उष्णता, आणि घट्ट करते ती त्या उष्णतेत घडणारी रासायनिक क्रिया. खिडकीचे ग्रिल, लोखंडी कपाट, सेफ्टी डोअर, फ्रिजचे बाहेरचे अंग, सायकलीची फ्रेम, मोटारीचे अलॉय व्हील अशा असंख्य वस्तूंवरचा तो गुळगुळीत, एकसारखा थर बहुधा याच पद्धतीचा असतो.

या तंत्राची सुरुवात जर्मनीत झाली. १९५०च्या दशकाच्या आरंभी एर्विन गेमर या संशोधकाने हवेच्या झोतावर तरंगत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या भुकटीत तापवलेली वस्तू बुडवण्याची रीत शोधली. गरम धातूला भुकटी चिकटे आणि तिथेच वितळे. थर मात्र जाड बसे. नळ, तारेच्या जाळ्या आणि यंत्रांचे काही भाग यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नव्हता. १९६०च्या दशकात विद्युतभारित भुकटी फवारणारी गन आली आणि पातळ, सजावटीचा थर देणे शक्य झाले. त्याच सुमारास द्रावकांच्या वाफांनी शहरांची हवा बिघडते हे ध्यानात येऊ लागले होते. लॉस एंजेलिसने १९६६ मध्ये त्यावर निर्बंध आणले. द्रावकच नसलेल्या रंगाकडे कारखानदार वळले ते गुणांमुळे जितके, तितकेच या कायद्यांमुळे.

पावडर तयार होते ती साधी दळून नव्हे. रेझिन, त्याला घट्ट करणारा हार्डनर, रंगद्रव्य आणि भरणद्रव्ये एकत्र करून हे मिश्रण तापत्या स्क्रूच्या यंत्रातून, म्हणजे एक्स्ट्रुडरमधून, वितळवत नेतात. बाहेर आलेला लगदा थंड रुळांमधून पापडासारखा लाटला जातो, त्याचे पोह्याएवढे कपचे करतात आणि मग ते दळून चाळतात. परिणामी प्रत्येक कणात सगळे घटक ठरलेल्या प्रमाणात असतात. कणांचा सरासरी आकार साधारण ३० ते ५० मायक्रॉन असतो. प्रत्येक कणातले घटक असे आधीच ठरलेले असल्याने पावडरमध्ये रंग जागेवर जुळवता येत नाही. पांढरी आणि काळी पावडर एकत्र केली तर राखाडी रंग मिळत नाही, ठिपकेदार मिळतो. हवी ती छटा कारखान्यातूनच तयार करून घ्यावी लागते. म्हणून कोटिंगवाल्याकडे रंगाच्या नावापेक्षा राल पद्धतीचे क्रमांक चालतात. ९००५ म्हटले की काळा, ७०१६ म्हटले की कोळशासारखा करडा.

रंगापेक्षा महत्त्वाची असते ती रेझिनची जात. इपॉक्सी धातूला घट्ट धरते, रसायनांना दाद देत नाही, पण उन्हात टिकत नाही. काही महिन्यांत तिची चमक जाते आणि हात फिरवला तर खडूसारखी भुकटी बोटांना लागते. पॉलिएस्टर ऊन सोसते. दोहोंचे मिश्रण, ज्याला हायब्रिड म्हणतात, ते स्वस्त आणि दिसायला देखणे असते; पण त्याची जागा घराच्या आत, कपाटावर आणि रॅकवर. बाहेरच्या फाटकाचा रंग दोन उन्हाळ्यांत उडाला तर पद्धतीला नावे ठेवण्याआधी त्यावर हायब्रिड मारली होती का, हे विचारलेले बरे. पॉलिएस्टरमध्येही प्रती आहेत. इमारतींच्या ॲल्युमिनियमसाठी युरोपात चालणाऱ्या क्वालिकोट या मानकात फ्लोरिडाच्या उन्हात नमुने ठेवून वर्ग पाडतात: पहिल्या वर्गाला १ वर्ष, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १० वर्षे. नुसते ‘पावडर कोटेड’ या शब्दांतून यातले काहीच कळत नाही.

फवारणीच्या गनच्या टोकाशी एक बारीक सुई असते आणि तिच्यावर १ लाख व्होल्टपर्यंतचा दाब असतो. प्रवाह अगदी नगण्य असतो. पण त्या सुईभोवतीची हवा आयनित होते आणि तिच्यातून जाणारा प्रत्येक कण ऋणभारित होतो. समोर हुकाला टांगलेली वस्तू अर्थिंगला जोडलेली असते. कण तिच्याकडे ओढले जातात, नळीच्या मागच्या बाजूलाही वळसा घेऊन बसतात, आणि भट्टीत जाईपर्यंत निव्वळ विजेच्या आकर्षणाने चिकटून राहतात. या अवस्थेत फुंकर मारली तरी रंग उडतो. अर्थिंग हा या कामाचा जीव आहे. टांगण्याच्या हुकांवर प्रत्येक फेरीत थोडी पावडर बसून भाजली जाते. तिचा थर साचला की वस्तू आणि जमीन यांच्यातला मार्ग तुटतो. मग पावडर धड बसत नाही आणि कारागीर गनचा दाब वाढवत राहतो. हूक जाळून किंवा खरवडून साफ करणे हे कंटाळवाणे काम टाळणाऱ्या कारखान्याची कसर मालावर दिसते.

विजेच्या या खेळाला एक मर्यादाही आहे. खोलगट कोपऱ्यात विद्युतक्षेत्र शिरत नाही. कण कडांवर गर्दी करतात आणि आतला भाग उघडा राहतो. याला फॅरडे केज परिणाम म्हणतात. तिथे उपाय म्हणजे व्होल्टेज कमी करणे, हवेचा झोत हलका ठेवणे आणि आधी खोलगट जागा भरून मग सपाट भागावर येणे. उलट, एकाच जागी जास्त पावडर मारली तर साचलेला भार नव्या कणांना ढकलू लागतो आणि थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. बाजूला पडलेली पावडर मात्र वाया जात नाही. बूथमधून ती शोषून, चाळून पुन्हा वापरता येते. ओल्या रंगाला ही सोय नाही. पण रंग बदलायचा तर सगळा बूथ आणि नळ्या झाडून काढाव्या लागतात. म्हणून चार चाकांसाठी वेगळा रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दर चढा सांगितला जातो. हवेत तरंगणारी ही बारीक भुकटी ठिणगीने स्फोटासारखा पेट घेऊ शकते, त्यामुळे बूथमधली हवा सतत खेचत राहणे आणि सगळे काही अर्थ केलेले असणे ही केवळ टापटिपीची बाब नाही.

भट्टीत पावडर आधी वितळते, पसरते आणि मग तिच्यातले रेणू एकमेकांशी जाळे विणतात. एकदा हे जाळे झाले की थर पुन्हा तापवला तरी वितळत नाही. नेहमीच्या पावडरला त्यासाठी १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि १० ते २० मिनिटे लागतात. इथे एक घोळ हमखास होतो: हे तापमान धातूचे असायला हवे, भट्टीतल्या हवेचे नव्हे. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो. चाकाचा जाड मधला भाग मागे राहतो. भट्टीच्या दारावरचा आकडा बघून वेळ मोजली तर माल कच्चा राहतो, आणि कच्चा माल दिसायला पक्क्यासारखाच असतो. तो काही आठवड्यांनी कपचे काढू लागतो. खात्रीसाठी द्रावकात भिजवलेला बोळा थरावर घासतात. रंग निघाला किंवा पृष्ठभाग मऊ पडला तर भाजणे अपुरे.

तरीही टिकाऊपणाचा मोठा वाटा पावडर हातात घेण्याआधीच ठरलेला असतो. धातूवर तेल, गंज किंवा जुना रंग राहिला तर वरचा थर कितीही चांगला असला तरी धरून बसायला त्याला काही नसते. लोखंडासाठी भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या कुठल्याही कोटिंगवाल्याच्या तोंडी ‘सेव्हन टँक’ हा शब्द असतो. तेल काढणे, धुणे, आम्लात गंज काढणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटचा बारीक स्फटिकी थर चढवणे अशा क्रमाने माल एकेका टाकीतून जातो. फॉस्फेटचा थर रंगाला पकड देतो आणि ओरखडा पडला तरी गंजाला बाजूला पसरू देत नाही. ॲल्युमिनियमला फॉस्फेटऐवजी क्रोमेट किंवा अलीकडे झिर्कोनियमवर आधारलेले रसायन लागते. पावसाळ्यात या धंद्याला दोन जास्तीच्या काळज्या असतात. ओल धरून पावडर गोळा होते, आणि कॉम्प्रेसरच्या हवेतून आलेले पाणी थेट मालावर उडते.

अलॉय व्हीलवर या सगळ्याची परीक्षा होते. त्याला ऊन, पाऊस, खडे, ब्रेकची उष्णता आणि ब्रेक पॅडची गरम लोखंडी धूळ हे सारे एकदम सोसावे लागते. ओतीव चाकांसाठी सर्रास वापरला जाणारा धातू, ए-३५६, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. चाक ओतल्यावर ते ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग १५० ते १७० अंशांना काही तास ठेवून मुरवतात. त्याची ताकद या मुरवणीतून येते, आणि अति तापवले तर जाते. पावडरच्या भाजणीची वीसेक मिनिटे चाक सहसा निभावून नेते. पण लोखंडी मालाचा जुना रंग जाळण्याच्या ४०० अंशांजवळच्या भट्टीत चाक घालणे म्हणजे त्याची मुरवण पुसून टाकणे. बाहेरून तसूभरही फरक दिसत नाही. म्हणून चाकाचा जुना रंग रसायनाने किंवा ब्लास्टिंगने काढतात, आणि तेही लोखंडी छर्ऱ्यांनी नव्हे. छर्ऱ्यांचे लोखंडी कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की पुढे तिथूनच गंजाचे डाग फुटतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडची रेती किंवा काचेचे बारीक मणी हा योग्य माल.

रंग उतरलेले चाक हीच ते तपासण्याची खरी वेळ. खड्ड्यात आपटलेल्या चाकाला आतल्या कडेवर बारीक चीर असू शकते. भेदक रंगद्रव लावून ती उठून दिसते. चिरेवरून नवा थर चढवला तर ती झाकली जाते, बुजत नाही.

ओतीव धातूची आणखी एक खोड आहे. त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत हवा, ओल, तेल दडलेले असते. भट्टीत हे सारे वाफ होऊन वितळत्या रंगातून बाहेर पडते आणि गुळगुळीत थरावर टाचणीच्या टोकाएवढी भोके किंवा फोड उमटतात. उपाय सोपा पण वेळखाऊ असतो: चाक पावडर मारण्याआधी रिकामेच तापवायचे, भाजणीच्या तापमानापेक्षा थोडे वर, म्हणजे जे निघायचे ते आधीच निघून जाते.

चाकाला कुठे रंग लावायचा नाही हे कुठे लावायचा याहून महत्त्वाचे आहे. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढा जाड. प्राइमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून तो तिप्पट होऊ शकतो. नट जिथे टेकतो त्या शंकूच्या जागेवर हा थर राहिला तर कसलेल्या नटाखाली तो दबतो, झिजतो, आणि नट सैल पडतो. हबला टेकणारी मागची सपाट बाजू आणि मधले भोकही तसेच मोकळे हवे. नाहीतर चाक नीट बसत नाही. या जागा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या बुचांनी आणि पट्ट्यांनी झाकतात. टायर, व्हॉल्व्ह, हवेच्या दाबाचा सेन्सर आणि मोटारसायकलच्या चाकातले बेअरिंग भट्टीपूर्वी काढावेच लागतात. चाक परत बसवल्यावर गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने नट आवळून ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणे ही चांगल्या कारागिराची सवय असते.

सध्या लोकप्रिय असलेली डायमंड कट चाके मात्र वेगळी. त्यांचा चकचकीत दर्शनी भाग रंगाचा नसतो. लेथवर कापलेला उघडा धातू असतो आणि वर फक्त पारदर्शक थर. खड्याने तो भेदला की ओल आत शिरते आणि पारदर्शक थराखाली पांढुरके धागे पसरू लागतात, अळीने पान पोखरावे तसे. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. पुन्हा कापून घेता येते, पण प्रत्येक वेळी धातू कमी होतो, त्यामुळे हे फार वेळा करता येत नाही. अशा चाकाला पूर्ण रंगवून घेणे कमी देखणे, पण जास्त टिकाऊ.

तयार माल घेताना साध्या गोष्टींवरून बरेच कळते. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र बहुतेक कारखान्यांत असते. नमुन्याच्या पट्टीवर ब्लेडने चौकटी आखून चिकटपट्टी ओढली तर रंगाची पकड समजते. चाकाच्या काड्यांच्या आतल्या बाजू आणि नटांच्या खोबणी टॉर्च मारून पाहाव्यात. पातळ थर तिथेच असतो. नंतरच्या काळात आम्लयुक्त व्हील क्लीनर टाळावेत, कारण ते ब्रेकची धूळ काढतात आणि क्लिअर कोटही निस्तेज करतात. चाक गार झाल्यावर सौम्य साबणाचे पाणी पुरते.

पावडर कोटिंगची सर्वांत मोठी उणीव दुरुस्तीच्या वेळी जाणवते. ओल्या रंगासारखा डबा उघडून ब्रशने ठिपका देता येत नाही. दिलाच तर चमक आणि छटा जुळत नाही. फुटपाथच्या कडेला घासलेले चाक नीट करायचे तर सगळा थर काढून, पुन्हा ब्लास्टिंग करून, नव्याने भाजावे लागते. दर भाजणीचा थोडा भार धातूच्या मुरवणीवर पडत असल्याने जाणते कोटिंगवाले आधी किती वेळा रंग झाला आहे हे विचारतात, आणि उत्तर ऐकून एखादे चाक नाकारतातही.