टाळकऱ्यांची विद्या

जालना जिल्ह्यात गावोगावी भरणाऱ्या हरिनाम सप्ताहांत कीर्तनकाराच्या मागे उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्यांस केवळ साथीदार समजण्याचा जो प्रघात पडला आहे, तो वस्तुस्थितीस धरून नाही. वारकरी कीर्तनात निरूपणाच्या ओघात कीर्तनकार प्रमाण (आधारादाखल घेतलेला अभंग) पुष्कळदा पहिल्या दोन-चार शब्दांनीच सुचवितो. तो तत्काळ ओळखून, योग्य चालीत उचलून, मृदंगाचा ठेका सांभाळीत सर्वांस ध्रुपदावर (पालुपदावर) आणण्याची जबाबदारी गायनाचार्याची (टाळकऱ्यांतील प्रमुख गायकाची) असते. पेरणीत तिफण हाकणारा नजरेत भरतो, परंतु तासात बी सारखे पडते ते चाड्यावर मूठ धरणाऱ्या हातामुळे. येथेही तसेच आहे.

हा गैरसमज बहुधा नारदीय कीर्तनामुळे रूढ झाला असावा. तेथे आख्यान व गायन दोन्ही मुख्यतः एकट्या कीर्तनकाराकडे असतात.

गोड गळा येथे पुरत नाही. गाथा मुखोद्गत हवी, आणि तीही आयत्या वेळी स्मरणारी. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, तो उगीच नव्हे. युक्रेनमधील ऑर्थोडॉक्स देवळांत उपासना वाद्यांवाचून चालते, म्हणून तेथेही अग्रगायकास रीतसर शिक्षण लागते. त्यासाठी तेथील ह्लूखिव्ह या गावी गायनशाळा १७३८ सालीच निघाली. म्हणूनच आपल्याकडेही सप्ताहाचा जमाखर्च मांडणाऱ्या गावकऱ्यांनी कीर्तनकाराच्या बिदागीबरोबरच गावातील मुलांस वर्षभर चाली शिकविणाऱ्या गायकाचीही तजवीज करावी, हे मला अत्यंत निकडीचे वाटते.