संगणकयुक्त मोटारीचे आयुर्मान

मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची निघून गेली. या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि टॅक्सीचे वय वीस वर्षांपेक्षा अधिक असू नये असा मुंबईतील नियम असल्यामुळे तिची मुदत संपली. मूळच्या इटालियन फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली. तिला निवृत्त केले ते नियमाने, इंजिनाने नव्हे. त्यामुळेच तिच्या निरोपाच्या वेळी एक जुना प्रश्न पुन्हा ऐकू आला : अशा गाड्या टिकल्या, परंतु जागोजागी संगणक बसविलेल्या आजच्या गाड्या तितक्या टिकतील काय?

प्रश्न रास्त आहे. मात्र ‘टिकणे’ या एका शब्दाखाली येथे दोन भिन्न गोष्टी झाकल्या जातात. यंत्र झिजून निकामी होईपर्यंत किती काळ चालते, ही एक. आणि निकामी झाल्यावर ते पुन्हा चालते करता येते की नाही, ही दुसरी. पहिल्या बाबतीत नव्या गाडीची बाजू निर्विवाद बळकट आहे. दुसऱ्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या दीर्घायुष्याची कीर्ती थोडी सावधपणेच स्वीकारली पाहिजे. अमेरिकेतील अर्व्हिंग गॉर्डन यांनी आपली १९६६ सालची व्होल्व्हो २०१३ पर्यंत तीस लक्ष मैल चालविली, ही गोष्ट खरी आहे. पण जी गाडी उरली तीच साक्षीला उभी राहते. तिच्या बरोबरीच्या ज्या गाड्या भंगारात गेल्या त्यांची साक्ष कोणी काढीत नाही. त्या काळातील बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या अंतरमापकावर मैलांचे पाचच आकडे असत व लाख मैल पुरे होताच तो पुन्हा शून्यावर येई. सहाव्या आकड्याची गरज क्वचितच पडेल, अशीच बनविणाऱ्यांची अपेक्षा असावी. उलट २०२४ मध्ये अमेरिकेत वापरात असलेल्या मोटारींचे सरासरी वय १२.६ वर्षांवर गेले व तो तोवरचा उच्चांक ठरला. या गाड्या जवळजवळ सर्वच संगणकयुक्त आहेत, हे विसरून चालणार नाही.

याचे श्रेय केवळ चांगल्या पोलादाला, तेलाला आणि गंजरोधक लेपांना देऊन भागत नाही; त्यातील एक वाटा संगणकाचाच आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत थंड सकाळी चोक ओढावा लागे. मग पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन खाली तेलात मिसळे. पिस्टनची कडी व सिलिंडर यांची पुष्कळशी झीज अशा पहिल्या काही मिनिटांत होत असे. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली १९६७ मध्ये फोक्सवागनच्या गाडीत आली. पुढे १९७६ मध्ये व्होल्व्होने धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक बसविला. या दोहोंच्या साह्याने हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास क्षणोक्षणी राखता येऊ लागले. तेल स्वच्छ राहिले आणि प्लग काळे पडेनासे झाले. ज्या संगणकावर अल्पायुषी असल्याचा आरोप ठेवला जातो, त्यानेच इंजिनाचे आयुष्य वाढविले आहे.

परंतु संगणकालाही आपले स्वतःचे वार्धक्य असते, आणि ते लोखंडाच्या वार्धक्याहून अगदी निराळे असते. बेअरिंग झिजताना आवाज करते, क्लच घसरू लागतो, इंजिन तेल पिऊ लागते. चालकाला महिनोन्‌महिने सूचना मिळत राहते. विद्युत्‌मंडल मात्र बहुधा आज ठीक असते आणि उद्या नसते. किंबहुना त्याहून त्रासदायक म्हणजे ते दुपारी नसते आणि संध्याकाळी पुन्हा ठीक असते. त्यातील ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो व तो वर्षानुवर्षे हळूहळू आटत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. इंजिनाजवळच्या उष्णतेत या नियमाचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. डाखाचे सांधे रोजच्या तापण्या-निवण्याने सूक्ष्म तडे घेतात. पावसाच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी वरवर सुकली तरी जोडखोबणीत शिरलेला ओलावा तांब्याला हळूहळू खात राहतो व दोष कित्येक महिन्यांनी प्रकट होतो. पद्मिनीचा डिस्ट्रिब्यूटर फडक्याने पुसून गाडी पुन्हा चालू करता येत असे, अशी सोय येथे नाही.

यातील सर्वांत बोधप्रद उदाहरण स्मृती साठविणाऱ्या चिपचे आहे. फ्लॅश जातीच्या स्मृतीत तीच जागा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते. वहीचे पान खोडरबराने झिजावे तसे ते झिजते. टेस्ला कंपनीच्या २०१२ ते २०१८ या काळातील काही गाड्यांत मधल्या पडद्यामागे ८ गिगाबाइटची अशी चिप होती आणि गाडीच्या कामकाजाच्या नोंदी तीवर सतत लिहिल्या जात. पाच-सहा वर्षांत चिप भरून-झिजून निकामी होऊ लागली. त्याबरोबर मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा आणि काचेवरील दव घालविण्याचे नियंत्रणही गेले. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा प्रशासनाच्या आग्रहावरून २०२१ च्या फेब्रुवारीत सुमारे १,३५,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. अशा घटकाने गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावे ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असा युक्तिवाद कंपनीने त्या प्रसंगी केला होता. युक्तिवाद पटो वा न पटो, त्यात एक प्रामाणिक कबुली होती : गाडीचे आयुष्य आणि तिच्या मेंदूचे आयुष्य ही यापुढे दोन वेगळी मापे आहेत.

केवळ भाग बिघडणे हे मोठे संकट नव्हे. जुन्या गाडीतही भाग बिघडतच असत. संकट आहे ते बदली भागाचे. पद्मिनीचा दांडा वा झडप तालुक्याच्या गावीही लेथवर कातून घेता येई, आणि तेही न जमल्यास कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुसऱ्या गाडीचा भाग मिळे. (ज्या उपनगरात ती जन्मली तेथेच तिचे अवयव विकले जात, हा योग विलक्षणच.) आजच्या गाडीचा नियंत्रक-संगणक भंगारात मिळाला, तरी तो पुष्कळदा चालत नाही. तो किल्लीशी व गाडीच्या क्रमांकाशी सांकेतिक रीतीने बांधलेला असतो आणि ती गाठ सोडविण्याचे साधन उत्पादकाच्या हाती असते. शिवाय चिप बनविणारे कारखाने फोन व संगणक यांच्या गतीने चालतात. एखाद्या चिपची निर्मिती थांबली की वीस वर्षांनी ती कोणी लेथवर कातून देऊ शकत नाही.

श्रीमंतांच्या गाड्यांनाही यातून सुटका नाही. १९९० नंतरच्या दशकात अवघ्या १०६ बनलेल्या मॅक्लारेन एफ-वन गाडीच्या देखभालीसाठी कंपनीला कॉम्पॅकचा त्याच काळातील एक सुटसुटीत संगणक कित्येक वर्षे जपून ठेवावा लागला, कारण त्यात बसणाऱ्या विशेष कार्डावाचून गाडीशी संवाद होत नसे. कोट्यवधी किमतीच्या गाडीसाठी असा खटाटोप परवडतो. तिसऱ्या मालकाने दीड लाखात घेतलेल्या गाडीसाठी तो कोण करणार? आणि खरा प्रश्न या तिसऱ्या मालकाचाच आहे. शहरात दहा वर्षे चाललेली गाडी लहान गावी जाते, तेथील कुटुंबाची पहिली मोटार होते व तेथील मिस्त्रीच्या हाताला काम देते. नियंत्रकाची किंमत गाडीच्या उरलेल्या किमतीएवढी झाली, तर धडधाकट इंजिन असूनही ही साखळी तेथेच तुटते. असा मृत्यू झिजेच्या कोणत्याही कोष्टकात दिसणार नाही.

हा परिणाम तंत्रज्ञानात अटळपणे अनुस्यूत आहे असे मात्र नाही. तो बव्हंशी करारांचा व कायद्यांचा प्रश्न आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये दोषनिदानाची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावी असा कौल दिला आणि बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीसाठी तो २०२० मध्ये पुन्हा दिला. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ उघडले व त्यात मोटारींचाही समावेश केला. तथापि दुरुस्तीची पुस्तिका उपलब्ध होणे आणि कुलूपबंद नियंत्रक उघडता येणे यांत बरेच अंतर आहे.

देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषणमर्यादा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि तिच्या पूर्ततेसाठी गाड्यांतील संवेदक व नियंत्रक आणखी वाढले. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्या एप्रिलनंतर नोंदलेल्या गाड्या २०३५ पासून या तपासणीसाठी येऊ लागतील. त्यांची इंजिने बहुधा उत्तम स्थितीत असतील. त्यांच्या नियंत्रकाच्या चिप तोवर कोणी बनवीत असेल की नाही, यावर त्यांतील किती गाड्या पुढील पाच वर्षे चालतील हे ठरेल.