बुडत्या नावेचे गुपित

रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सच्या पायथ्याशी दगडाची एक नाव बुडते आहे. १६२९ सालापासून बुडतेच आहे. तिचे काठ पाण्यालगत टेकलेले, आतले पाणी बाजूंनी ओसंडणारे, आणि ती ज्या कुंडात आहे ते रस्त्याच्याही खाली. तिचे नाव बार्काच्चा, घडवणारा पिएत्रो बेर्निनी. १५९८ च्या महापुरात टायबर नदीने एक होडी वाहवत आणून इथेच सोडली होती, तिच्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. गोष्ट छान आहे, पण नाव बुडतीच का आणि कुंड जमिनीत खोल का, याचे खरे कारण पाण्यात आहे. बेर्निनीला मिळालेल्या पाण्यात वर उसळण्याचा जोरच नव्हता.

हे एकदा कळले की रोमची कारंजी निराळीच दिसू लागतात. आपण संगमरवर बघत फिरतो. घोडे, समुद्रदेव, मासे, पोपची मानचिन्हे. पण तिथल्या जुन्या कारंज्यांचा पहिला आराखडा पाण्यानेच आखून दिलेला असतो, शिल्पकार नंतर येतो. धार किती उंच जाणार हे शहराबाहेर, कित्येक कोसांवर, झरा कोणत्या उंचीवर फुटला यावर ठरते. पंप नव्हते त्या काळात याला पर्यायच नव्हता.

तत्त्व साधे आहे. घराची पातळी काढताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो आणि तिची दोन टोके दोन भिंतींना लावतो. मधली नळी कितीही खाली लोंबू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच रेषेत उभे राहते. आता एक टोक डोंगरातल्या झऱ्यात आणि दुसरे शहरातल्या चौकात आहे असे समजा. चौक झऱ्यापेक्षा जितका खाली, तितकी उंची गाठायला पाणी धडपडणार. पूर्ण गाठत नाही, कारण नळाच्या भिंतींशी घासताना आणि हवेतून जाताना जोर कमी होतो. पण धडपड दिसते, आणि तिलाच आपण कारंजे म्हणतो.

बार्काच्चाचे पाणी येते अ‍ॅक्वा व्हर्गो या जलवाहिनीतून. सम्राट ऑगस्टसचा उजवा हात मार्कस अग्रिप्पा याने ती इ. स. पूर्व १९ मध्ये पुरी केली. पूर्वेला सलोने नावाच्या ठिकाणी झरे आहेत, तिथून सुमारे २० किलोमीटरचा वळसा घेत, बहुतेक वाट जमिनीखालून, पाणी शहरात येई. झऱ्यांची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम २४ मीटर आणि शहरात शिरताना उरते सुमारे २०. म्हणजे वीस किलोमीटरमध्ये चार मीटरचा उतार, किलोमीटरमागे एक वीत! याहून कमी ठेवला असता तर पाणी साचून गाळ धरला असता. जास्त द्यावा तर जवळ आधीच नसलेली उंची वाटेतच संपली असती.

एवढा बारीक उतार त्यांनी मोजला कशाने? व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने त्या काळच्या एका अवजाराचे वर्णन करून ठेवले आहे. सुमारे वीस फूट लांबीचे लाकडी बाक, त्याच्या पायांशी ओळंबे टांगलेले. ओळंबे पायांवरच्या खुणांना बरोबर लागले की बाक सपाट. वारा सुटला आणि ओळंबे हलू लागले तर काय, याचाही विचार केलेला होता. बाकाच्या माथ्यावर पाच फूट लांबीची खोबण असे, तिच्यात पाणी ओतायचे आणि ते दोन्ही टोकांना सारखे कडेला लागते का ते बघायचे. पाण्याची वाट आखायला पाणीच साक्षीला. हे बाक उचलत, टेकवत, डोळा लावत वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसांची नावे कुठल्याही कमानीवर कोरलेली नाहीत. अग्रिप्पाचे नाव अर्थातच सगळ्यांना माहीत आहे.

जलवाहिनी भूमिगत होती म्हणून वाचली. इ. स. ५३७ मध्ये गॉथ सैन्याने रोमला वेढा घातला आणि शहराचे पाणी तोडले. बचाव करणारा सेनापती बेलिसारियस याने जलमार्गांची तोंडे बांधकामाने बुजवून टाकली, कारण त्या कोरड्या बोगद्यांतून शत्रू आत येऊ शकला असता. आणि तो आलाही. प्रोकोपियस हा इतिहासकार त्या वेळी सेनापतीच्या दिमतीला होता, त्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. काही गॉथ दिवे-पलिते घेऊन बोगद्यात शिरले. पिंचियन दरवाज्याजवळ बोगद्याला एक फट होती. तिच्यातून पहारेकऱ्याला उजेड दिसला. त्याने सोबत्यांना सांगितले, तर ते म्हणाले, लांडग्याचे डोळे चमकले असतील. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बेलिसारियसच्या कानावर गेली. त्याने माणसे आत उतरवली, तर पलित्यांचे ठिपके पडलेले सापडले. ही वाट आपल्या व्हर्गोचीच, असे अभ्यासक मानतात.

पुढची कित्येक शतके ही एकच जलवाहिनी कशीबशी, रडतखडत शहराला पाणी देत राहिली. पोप मंडळींनी पंधराव्या-सोळाव्या शतकांत ती नीट दुरुस्त करून घेतली आणि मग तिच्या टोकावर कारंज्यांचा बहर आला. रोममध्ये रीतच होती की जलवाहिनी शहरात येते तिथे एक भव्य कारंजे उभारायचे. पाणी आणल्याची ती जाहिरातच. अ‍ॅक्वा व्हर्गोची जाहिरात म्हणजे त्रेव्ही.

त्रेव्हीला जाल तेव्हा आधी नाण्यांचा नाद सोडा. पाठमोरे उभे राहून नाणे टाकले की पुन्हा रोमला येणे होते म्हणतात. रोज हजारो युरो गोळा होतात आणि ते कारितास या संस्थेच्या गोरगरिबांसाठीच्या कामाला जातात, हे उत्तमच. पण नाणे टाकायला कारंज्याकडे पाठ करावी लागते, आणि बघायचे तर सगळे समोर आहे. निकोला साल्व्हीने १७३२ मध्ये काम सुरू केले. १७५१ मध्ये तो वारला आणि १७६२ मध्ये दुसऱ्यांनी ते पुरे केले. मागचा देखावा २६ मीटर उंच, जवळपास ५० मीटर रुंद. एवढ्या पसाऱ्यात आभाळाकडे झेपावणारी एकही उंच धार नाही! पाणी खडकांवरून सांडते, पसरते, पायरीपायरीने उतरते. आणि तुम्ही स्वतः कुठे उभे आहात ते पाहा. चौकातून पायऱ्या उतरून खाली आला आहात, कारण कुंड रस्त्याखाली आहे. पाण्याला वर चढवता येईना, तेव्हा साल्व्हीने बघणाऱ्यालाच खाली उतरवले. जोर नसलेल्या पाण्याकडून एवढा गडगडाट काढणारा माणूस मला तरी मिकेलअँजेलोच्या पंगतीतला वाटतो. कलेचे इतिहासकार काय म्हणायचे ते म्हणोत. वर डोके करून उजवीकडचे कोरीव चित्रही बघा. त्यात एक मुलगी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवते आहे. डावीकडच्या चित्रात अग्रिप्पा आहे.

हेच पाणी पुढे पियात्सा नावोनाला जाते. तिथे पिएत्रोचा मुलगा, त्याच्याहून फार मोठा कलावंत जान लोरेंत्सो बेर्निनी, याने १६५१ मध्ये चार नद्यांचे कारंजे पुरे केले. चार खंडांच्या चार नद्या : डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. मराठी माणूस इथे हमखास थबकतो, कारण गंगा म्हणजे दाढीवाला, पिळदार अंगाचा बाप्या आहे. हातात लांब वल्हे, ही नदी नावांना चालते हे सांगायला. ग्रीक-रोमन परंपरेत नद्या बहुधा पुरुष असतात, त्यामुळे बेर्निनीचा काही दोष नाही. पण मकरावर बसणाऱ्या गंगामाईला डोळ्यांपुढून हलवायला जरा वेळ लागतो. इथेही पाणी खडकाच्या कपारींतून खालच्या खालीच वाहते. वर चढला आहे तो दगडाचा स्तंभ, आणि तोही पोकळ खडकावर तोललेला.

मग तिथून चालत टायबर ओलांडा आणि सेंट पीटर्सच्या चौकात या. इथली दोन कारंजी बिनदिक्कत उसळतात. शिल्पकाम विशेष नाही, एकावर एक ठेवलेल्या थाळ्या फक्त. गरजच नाही, पाणीच सगळे करते. हे पाणी अ‍ॅक्वा पाओलाचे. पोप पाचवा पॉल याने सम्राट ट्रेजनची जुनी जलवाहिनी सतराव्या शतकाच्या आरंभी पुन्हा बांधून घेतली. ती येते ब्राच्चानो तळ्याच्या बाजूने, आणि तळे आहे समुद्रसपाटीपासून सुमारे १६० मीटरवर. सलोनेचे २४ आणि ब्राच्चानोचे १६०. दोन चौकांतला फरक या दोन आकड्यांत सगळा आला. व्हर्गोचे पाणी चवीला उत्तम, पाओलाचे मचूळ अशी मात्र जुन्या रोमकरांची तक्रार असे.

याच ट्रेजनच्या पाण्यावर प्राचीन काळी जानिक्युलम टेकडीवर पिठाच्या गिरण्या चालत. गॉथांनी पाणी तोडले तेव्हा बेलिसारियसने त्या नदीत नावांवर बसवल्या. दुरून नळाने आणलेल्या पाण्यावर दळण, हे आपल्याकडे बघायचे तर छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीवर जावे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळातून जमिनीखालून येते, दर्ग्याशेजारच्या उंच भिंतीत आपल्याआप चढते आणि माथ्यावरून हौदात कोसळते. दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी त्यावर पीठ दळले जाई. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून आणवलेले पाणीही असेच नुसत्या उतारावर गावातल्या हौदांत पोचे. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे त्याच पाण्यावर उडायचे. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने १८६० मध्ये आले आणि चारच वर्षांनी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. वर उभी आहे ती फ्लोरा रोमन देवता, आणि पाणी आल्याची जाहिरात भर चौकात करण्याची रीतही रोमनच.

ज्यांच्याजवळ उंचीवरचे पाणी नव्हते त्यांचे हाल बघायचे तर व्हर्सायला जावे. चौदाव्या लुईला कारंजी हवी होती, आणि त्यासाठी सीन नदीचे पाणी दीडशे मीटरहून वर चढवावे लागणार होते. म्हणून १६८४ मध्ये मार्लीचे यंत्र उभे राहिले : चौदा प्रचंड पाणचाके आणि २२१ पंप. एवढे करूनही सगळी कारंजी एका वेळी चालवण्याइतके पाणी नसे. राजा बागेत फिरू लागला की कारंजेवाले शिट्ट्या मारून एकमेकांना इशारा देत. पुढचे कारंजे सोडायचे, मागचे बंद. सूर्यासारखा राजा, आणि त्याच्या पाठीमागे बाग कोरडी.

जिनिव्हाचे तर उलटेच. १८८६ मध्ये तिथे ऱ्होन नदीवरच्या केंद्रातून कारागिरांच्या यंत्रांना दाबाखालचे पाणी पुरवले जाई. संध्याकाळी कारागीर यंत्रे बंद करून घरी जात, वापर अचानक थांबे आणि नळांत दाब वाढे. तो सोडायला एक झडप ठेवली होती, तिच्यातून पाणी आकाशात उडे. लोकांना ते इतके आवडले की १८९१ मध्ये ती धार मुद्दाम तळ्याकाठी हलवण्यात आली. आज ती १४० मीटर उंच जाते, सेकंदाला ५०० लिटर पाणी, ताशी २०० किलोमीटर वेगाने. दाब सोडायची झडप शहराची ओळख होऊन बसली!

रोमची मोठी कारंजीही आज विजेच्या पंपांवर तेच पाणी फिरवत राहतात. पण व्हर्गोच्या जुन्या कमानी बघायला मिळतात. त्रेव्हीजवळ व्हिया देल त्रितोनेवर एक बडे दुकान आहे, त्याच्या तळघरात जलवाहिनीचा लांबलचक भाग उघडा ठेवला आहे. वरच्या मजल्यांवर महागड्या पर्सेस. तिकीट नाही.

आणि पाणी प्यायचे असेल तर रस्त्यावरच्या ओतीव लोखंडी नळांकडे वळा. रोमकर त्यांना नासोने म्हणतात, मोठ्ठे नाक, तोटीच्या आकारावरून. १८७४ पासून ते बसवत आले, आज शहरात सुमारे अडीच हजार आहेत. बहुतेकांना चावी नाही, धार रात्रंदिवस चालू. फ्रोंटिनस हा पहिल्या शतकाच्या अखेरीचा रोमचा पाणी-अधिकारी. रस्त्यांखालून चोरटे नळ टाकून लोक पाणी पळवतात म्हणून तो त्रागा करी. हे फुकटचे नळ त्याला दाखवायला हवे होते. त्यांना तोंड लावायला वाकायचे नसते. तोटीच्या वळणावर वरच्या बाजूला एक बारीक भोक असते. तोटीचे तोंड बोटाने दाबायचे, की पाणी त्या भोकातून वर उसळते आणि ओठांपाशी येते. बोट हळू लावा. रोममधली पोरे ते मुद्दाम गच्च दाबतात, आणि शेजारी उभा असलेला पाहुणा भिजतो.