खिळ्याची खूण

पहाटे ५.३०
माथेरानात मोटारींचा गोंगाट नाही, त्यामुळे घोडं लांबून येताना ऐकू येतं. चार टापांतली एक वेगळी वाजली की अंथरुणातच कळतं, नाल ढिला झालाय. हा कान अब्बांनी दिला. नालबंदीचं बाकीचं मी आता, पंचेचाळिशीत, वर्गात बसून शिकतोय. परवा परीक्षा आहे.

६.३०
दस्तुरी नाक्याच्या अलीकडे पहिलं घोडं. पूर्वी मी थेट पाय उचलायचो. आता आधी ते सपाटीवर उभं करून बाजूने बघतो. खुराची पुढची भिंत आणि वरच्या पायाची तिरकी रेघ एका सरळ रेषेत आहे का? नसेल तर तासायचं कुठे, ते तिथेच ठरतं.

८.००
खिळ्याच्या डोक्यावर एका बाजूला खूण असते. ती बाजू आत, खुराच्या मध्याकडे ठेवायची. टोक त्याच बाजूने तिरकं तासलेलं असतं, म्हणून ठोकताना खिळा बाहेरच्या अंगाला वळतो आणि भिंतीतून वर निघतो. उलटा धरला तर जिवंत भागात घुसतो. कडक भागातून जाताना प्रत्येक ठोका खणखणीत वाजतो, मऊ भागात शिरला की बद्द.

अकरा वर्षांपूर्वी तो बद्द आवाज मी ऐकला होता. मालक घाईत, मीही घाईत. म्हटलं, बसेल. खुरात पू झाला, घोडं तीन आठवडे लंगडलं, ऐन हंगामात त्या घराची चूल मंदावली. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. ते अजून सलतं.

११.००
एक अश्वपाल अडून बसला. "चाचा, नाल अजून चालतोय. शनिवार-रविवार जाऊ दे."
"नाल शाबूत आहे रे, पण खूर पुढे वाढलाय. सगळा ताण मागच्या शिरेवर येतो."
खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, पण पाच-सहा आठवडे तसंच ठेवलं की चाल बिघडते. त्याला पटलं नाही, घोडं घेऊन गेला. भाव पाडून मागितला असता तर चाललं असतं. घोड्याचं नुकसान बघत गप्प बसणं जड जातं. जनावरांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं तर तो ऐकतो. प्रमाणपत्र हवंय ते याचसाठी. भिंतीवर लावायची मला हौस नाही.

दुपारी २.००
वर्ग. डॉक्टरांनी मेलेल्या घोड्याचा पाय उभा चिरून आणला होता. वीस वर्षं ज्यावर हातोडी चालवली, ते आज आतून पाहिलं. आतलं हाड तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं. पुस्तकाच्या पानांसारख्या बारीक पदरांनी ते भिंतीला आतून धरलेलं असतं. त्या पदरांना सूज आली की हाड सुटून खाली फिरतं. तळव्याकडून पाहिलं तर भिंतीच्या आत पांढरी रेघ दिसते, खिळा तिच्या बाहेरच राहायला हवा. मी बोट लावून पाहिलं. रेघेपासून जिवंत भाग अगदी जवळ आहे. इतक्या कमी जागेत आपण रोज खिळे मारतो.

डॉक्टर म्हणाले, ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणीशिवाय घोड्याला नाल मारता येत नाही. शिकाऊ मुलगा मान्यता मिळालेल्या उस्तादाकडे सुमारे चार वर्षं काढतो, मग परीक्षा. लंडनची नालबंदांची संस्था तर १३५६ पासूनची, आणि तिच्या पहिल्या पदविकेच्या वर आणखी दोन पायऱ्या आहेत. उस्ताद झालेली माणसं पुन्हा परीक्षेला बसतात, हे ऐकून मला धीर आला.

५.३०
परतीची दोन घोडी. खिळ्यांची टोकं वळवून कानस फिरवली.

रात्री ९.००
मुलगी वही घेऊन बसते, मी तोंडी उत्तरं देतो.
"पांढऱ्या रेघेच्या आत काय?"
"जीव."
"पप्पा, असं नाही. नावं सांगा."
मी वही घेतली आणि दुपारचा पाय काढायला बसलो. आधी भिंत, मग हाड, मग मधले पदर, एकेक रेघ ओढून.