जमशेदचे तख्त आणि जालन्याचे पाणी

जालना शहराच्या पश्चिमेस मोती तलाव नावाचा जो जलाशय आहे, त्याच्या निर्मितीचे श्रेय जुन्या गॅझेटियरात मलिक अंबरच्या काळातील जमशेदखान नावाच्या अंमलदारास दिलेले आढळते. गावातील जामा मशीद आणि तिच्यालगतची सराईही त्यानेच उभारली, आणि तलावाचे पाणी भूमिगत नळांवाटे गावात आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. त्यांतील मुख्य हौद सराईच्या चौकात होता. कुंडलिकेच्या काठी वसूनही उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी तळमळणाऱ्या या गावाला सुमारे चार शतकांपूर्वी ज्याने जमिनीच्या पोटातून पाणी पोचवले, त्याचे नाव जालनेकरांच्या जिभेवर फारसे येत नाही याची खंत वाटते. परंतु त्याहून अधिक विचार करावासा वाटतो तो त्या नावाचाच. कारण जमशेद हे नाव ज्या नगरीला तिच्या पतनानंतरही चिकटून राहिले, ती नगरी इराणच्या शिराझ शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर, रहमत नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी आजही भग्नावस्थेत उभी आहे, आणि इराणी माणूस तिला ‘तख्त-ए-जमशेद’, म्हणजे जमशेदचे सिंहासन, असे म्हणतो.

वास्तविक जमशेद नावाच्या कोणाही राजाने ती बांधलेली नाही. इसवी सनापूर्वी 518 च्या सुमारास हखामनी घराण्यातील सम्राट दारयवहु, ज्याला ग्रीकांच्या अनुकरणाने आपण दारियस म्हणतो, त्याने तिची पायाभरणी केली. त्याचा पुत्र झर्क्सीस आणि नातू अर्तझर्क्सीस यांनी ती पूर्णत्वास नेली. तिचे मूळ नाव पार्सा. ग्रीकांनी तिला पर्सिपोलिस म्हटले. डोंगराच्या कुशीत सुमारे साडेचारशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद असा दगडी चौथरा, त्यावर ‘अपादान’ नावाचा बहात्तर स्तंभांचा दरबारी मंडप, पलीकडे शतस्तंभी प्रासाद, आणि मंडपाकडे जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून नजराणे घेऊन आलेल्या तेवीस शिष्टमंडळांची कोरीव रांग, असे तिचे वैभव होते. त्या रांगेत सिंधूकाठचे लोकही आहेत. त्यांच्यातील एकाच्या खांद्यावर दोन टोकांना करंड्या टांगलेली कावड आहे, आणि त्या करंड्यांत सोन्याची भुकटी असावी असे अभ्यासक मानतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या परक्या दगडात आपल्याकडची कावड पाहिली की दूरदेशीचा हा इतिहास एकाएकी घरचा वाटू लागतो. इसवी सनापूर्वी 330 मध्ये अलेक्झांडरने ही नगरी लुटली आणि जाळली. बहात्तर स्तंभांपैकी आज तेरा उभे आहेत.

पुढे इराणी लोक हखामनी सम्राटांची नावेही विसरले. शिलालेखांची कीलाकार लिपी वाचणारा कोणी उरला नाही, आणि मग एवढे प्रचंड बांधकाम मर्त्य राजाचे असणे शक्य नाही, अशा भावनेने लोकांनी ते पुराणपुरुष जमशेदाच्या नावावर जमा केले. फिरदौसीने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनाम्या’त हा जमशेद सुवर्णयुगाचा राजा आणि नवरोज सणाचा प्रवर्तक आहे; आपल्या मुंबईचे पारशी बांधव 21 मार्चच्या सणाला जमशेदी नवरोज म्हणतात ते यामुळेच. पण त्याही मागे गेल्यास अवेस्तेमध्ये तो ‘यिम क्षएत’, म्हणजे तेजस्वी यिम, या रूपात भेटतो. त्याच्या पित्याचे नाव विवंघ्वंत. वैदिक वाङ्मयाशी ज्याचा थोडासाही परिचय आहे त्याला येथे थांबावेच लागेल, कारण हा विवस्वानाचा पुत्र यम होय. ज्या यमाचे नाव आपण भयाने घेतो, तोच इराणी परंपरेत प्रजेचा प्रेमळ पालक झाला, आणि त्याचे नाव धारण करणारा एक माणूस जालन्यात तळे बांधून गेला.

स्तंभ आणि शिल्पे प्रेक्षकाचे चित्त वेधून घेतात हे खरे. तथापि पार्सानगरीचा आपल्या जीवनावर झालेला खरा संस्कार, माझ्या मते, तिच्या दफ्तरखान्यात शोधला पाहिजे. 1933 साली अर्न्स्ट हर्झफेल्ड यांच्या नेतृत्वाखाली शिकागो विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेने तेथे उत्खनन चालविले असता तटबंदीच्या एका भागात मातीच्या लेखपट्टिकांचा साठा सापडला. अखंड पट्टिका आणि तुकडे मिळून त्यांची संख्या सुमारे तीस हजार भरली. त्यांत विजयगाथा नाहीत. आहेत त्या शिध्याच्या नोंदी: कोणत्या मजुराला किती जव, कोणत्या कारागिराला किती मद्य, बाळंत झालेल्या कामकरी स्त्रीला किती जादा रतीब, राजाचा मोहोरबंद परवाना घेऊन हिंदुस्थानातून शूश नगरीकडे निघालेल्या वाटसरूला किती पीठ. ज्याने तहसील कचेरीतील जमाबंदीची कीर्द कधी चाळली असेल, त्याला ही भाषा नसली तरी तिची रीत ओळखीची वाटेल.

अशा लेखाला प्राचीन पारसीकात ‘दिपी’ म्हणत. शब्दाचे मूळ त्याहूनही प्राचीन अशा सुमेरच्या मातीत आहे. अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात आपल्या आज्ञेला हाच ‘दिपि’ शब्द वापरलेला आहे, आणि आपला ‘लिपी’ हा शब्दही त्याच कुळातला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. त्याच दिपीपासून लेखक या अर्थाचा ‘दबीर’ शब्द इराणात घडला, आणि दख्खनच्या सुलतानांच्या दरबारातून तो मराठीत ‘डबीर’ होऊन रुजला. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकसमयी डबीराला ‘सुमंत’ हे संस्कृत नाव दिले आणि ‘राज्यव्यवहारकोश’ रचवून फारसी संज्ञांना पर्याय सिद्ध केले. ते स्वराज्याच्या तेजाला शोभणारेच होते. तरीही डबीर हे आडनाव महाराष्ट्रात आजतागायत नांदते आहे. प्रांताधिपतीला दारयवहूच्या राज्यात ‘क्षत्रपावन’ म्हणत. तो शब्द शकांबरोबर पश्चिम भारतात उतरला, आणि गौतमीपुत्र सातकर्णीने ज्याचा पराभव केला तो नहपान या क्षत्रपांपैकीच होता. सातवाहनांचे पैठण जालन्यापासून दूर नाही; म्हणजे पार्साच्या राज्यकारभारातील संज्ञा गोदाकाठी पोचून दोन हजार वर्षे होऊन गेली.

दगडातला संस्कारही अगदीच परका नाही. घंटाकृती शीर्ष आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेल्या पशूंच्या जोड्या, ही पर्सिपोलिसच्या स्तंभांशी नाते सांगणारी घडण पुण्याजवळच्या बेडशाच्या लेण्यात आणि मराठवाड्यात कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या विहारात पाहावयास मिळते. पाटण्याजवळ कुम्रहार येथे मौर्यकालीन स्तंभमंडप सापडला, त्या उत्खननाचा खर्च मुंबईच्या सर रतन टाटांनी सोसला होता. उत्खनन करणारे डॉ. स्पूनर यांनी मात्र साम्यावरून मौर्यांनाच पारसीक ठरविण्यापर्यंत मजल मारली, जे सर्वस्वी अग्राह्य होय; कारण इराणी स्तंभ तुकड्यांवर तुकडे रचून उभा करीत व त्याला उभ्या पन्हळी पाडीत, तर मौर्यांचा स्तंभ एकाच पाषाणाचा आणि आरशासारखा गुळगुळीत. आपल्या शिल्पींनी बाहेरून सूचना घेतली, पण हात आपलाच चालविला.

आणि आता पुन्हा पाण्याकडे. पार्साच्या चौथऱ्याखाली खडकात खोदलेले पाण्याचे भुयारी मार्ग आहेत, आणि जमिनीखालून मैलोगणती पाणी वाहून नेणारी ‘कनात’ ही तर त्या रुक्ष देशाने जगाला दिलेली विद्याच आहे. पोलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की, कोरड्या भूमीवर जो झऱ्याचे पाणी आणील त्याला ती भूमी पाच पिढ्यांपर्यंत कसण्याचा हक्क पारसीक राजे देत असत. इतकी शहाणी सनद महसुलाच्या इतिहासात विरळाच! हीच विद्या मुसलमानी अमदानीत दख्खनेत आली. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरात नहर खोदली ती याच परंपरेतली, आणि जालन्यात जमशेदखानाने घातलेले भूमिगत नळ हे तिचेच धाकटे भावंड.

त्या नळांचा माग जमिनीवरून घेऊन त्यांचा नकाशा तयार करणे, सराईचा हौद आणि त्याची वाट नीट जतन करणे, हे काम जालन्याच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यासाठी इराणला जाण्याची गरज नाही. दर भाद्रपदात जालनेकर गणरायाचे विसर्जन ज्या पाण्यात करतात, ते पाणी जमशेदखानाच्या मोती तलावाचे आहे.